घरच्या डायलिसिसचा टेम्पो रिकामा परत का जातो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पोटाचं डायलिसिस, म्हणजेच पेरिटोनियल डायलिसिस, यात मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या पोटात बसवलेल्या नळीतून (कॅथेटर) साखरेचं द्रावण सोडतात आणि काही तासांनी ते अंगातल्या घाणीसकट रिकाम्या पिशवीत (ड्रेन बॅग) काढून नवं भरतात; ही झाली एक फेरी. घरी हे करणाऱ्या रुग्णाला साधारणपणे दिवसाला द्रावणाच्या दोन लिटरच्या चार पिशव्या लागतात. महिन्याच्या झाल्या १२०. द्रावण आणि प्लास्टिक मिळून एक पिशवी दोन किलोंच्या वरच भरते, म्हणजे दर महिन्याला अडीचशे किलोंच्या आसपास माल एका घरात येऊन पडतो. एका खोक्यात सहा पिशव्या धरल्या तर वीस खोकी. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली असो, मानखुर्दच्या एसआरए इमारतीतलं सातव्या मजल्यावरचं घर असो की नालासोपाऱ्याचं वन आरके, एवढी खोकी ठेवायची कुठे हा प्रश्न उपचार सुरू होण्याआधीच समोर येतो. महिना सरतो तेव्हा द्रावण गटारात गेलेलं असतं आणि रिकाम्या पिशव्या, नळ्या, वेष्टनं, टोपणं सोसायटीच्या कचऱ्यात. माल घेऊन आलेला टेम्पो मात्र दर वेळी रिकामाच परत जातो.

आम्ही रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना हे डायलिसिस शिकवण्याचं काम करतो. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तासांसाठी, विरार-अंबरनाथहून लोकलने डायलिसिस सेंटर गाठणं ज्यांना झेपत नाही त्यांना घरच्या या उपचाराचा मोठा आधार आहे. आज घेतात त्याहून कितीतरी जास्त लोकांना तो मिळावा असं आम्हाला मनापासून वाटतं. पण त्यातली गैरसोय आणि नासाडी कमी करायची तर ती कुठे करायची आणि कुठे अजिबात करायची नाही, हे आधी नीट कळायला हवं. रुग्णाने आपल्या मनाने काटकसर सुरू केली की ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी होते. खरी बचत डॉक्टरांच्या चिठ्ठीत, पुरवठ्याच्या पद्धतीत आणि कचरा उचलण्यात आहे, आणि या तिन्ही गोष्टी रुग्णाच्या हाताबाहेरच्या आहेत.

एका वेळेला दोन पिशव्या कशाला, एक भरलेली आणि एक रिकामी, असं बरेच जण विचारतात. त्याला इतिहास आहे. १९७६ च्या सुमारास अमेरिकेत पोपोविच आणि मॉन्क्रिफ यांनी दिवसभर पोटात द्रावण ठेवण्याची कल्पना मांडली तेव्हा ते काचेच्या बाटल्यांतून यायचं. लवकरच टोरांटोच्या डॉ. ओरिओपोलस यांनी प्लास्टिकची पिशवी वापरात आणली. द्रावण पोटात गेलं की तीच रिकामी पिशवी घडी करून कपड्यांखाली बांधायची, काही तासांनी तीच खाली सोडून पोटातलं पाणी तिच्यात काढायचं, मग ती काढून नवी जोडायची. प्लास्टिक कमी लागायचं. पण जोडताना नळीच्या तोंडाशी जंतू लागला तर नव्या द्रावणाबरोबर तो थेट पोटात जायचा आणि पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाचा जंतुसंसर्ग, वरचेवर व्हायचा. पुढे इटलीत वाय आकाराची नळी आली. जोडणी झाली की आधी पोटातलं पाणी बाहेर, मग नव्या द्रावणाची एक धार नळी धुऊन सरळ ड्रेन बॅगेत, आणि त्यानंतरच द्रावण पोटात. जोडणीच्या जागी काही लागलं असेल तर ते धुऊन बाहेर जातं. सुरुवातीला ही नळी जंतुनाशक भरून पुन्हा पुन्हा वापरत. नंतर दोन्ही पिशव्या आधीच जोडलेला, एकदाच वापरायचा संच आला आणि संसर्ग आणखी घटला. ती जादा पिशवी आणि नळी म्हणजे पोटाच्या सुरक्षिततेची किंमत आहे.

म्हणून जोडणीच्या टोकावर एका पैशाचीही बचत करू नये. दोन फेऱ्यांच्या मधे नळीच्या तोंडावर बसवायचं आयोडीनचं टोपण एकदाच वापरायचं, आणि त्याचं पाकीट ऐन वेळीच फोडायचं; आधी फोडून ठेवलं की आतला आयोडीनचा स्पंज सुकतो. ट्रान्सफर सेट, म्हणजे कॅथेटरला जोडलेली छोटी नळी, सहा महिन्यांनी सेंटरमध्ये बदलून घ्यायचा. नळी धुण्याची धार पाच अंक मोजेपर्यंत सोडायची. ‘एवढं द्रावण फुकट जातं’ म्हणून ती टाळणारे भेटतात, पण पिशवीत त्यासाठी द्रावण थोडं जास्तच भरलेलं असतं. ट्रान्सफर सेटच्या उघड्या टोकाला बोट लागलं किंवा ते चादरीला टेकलं, तर पुसून जोडायचं नाही. क्लॅम्प (नळी बंद करायचा चाप) बंद ठेवून नवं टोपण लावायचं आणि सेंटरला फोन करायचा. सेट बदलावा लागतो आणि गरज वाटली तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात. आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस संघटनेने २०२२ मध्ये घालून दिलेलं उद्दिष्ट असं आहे की पेरिटोनायटिसचं प्रमाण एका रुग्णामागे वर्षाला ०.४ पेक्षा जास्त नसावं, म्हणजे अडीच वर्षांत एकापेक्षा जास्त नाही. एकदा संसर्ग झाला की दोन-तीन आठवडे पोटातून अँटिबायोटिकं द्यावी लागतात, कधी कॅथेटरच काढावा लागतो. त्यात जेवढं प्लास्टिक, पैसा आणि प्रकृती खर्ची पडते, तेवढं टोपणं धुऊन वापरून कधीच वाचणार नाही.

आता बचत कुठे आहे ते. सगळ्यात मोठी संधी चिठ्ठीत आहे. डायलिसिस सुरू करताना बहुतेक रुग्णांना थोडीफार लघवी होत असते, म्हणजे मूत्रपिंड थोडं काम करत असतं. अशा रुग्णाला पहिल्या दिवसापासून चार पिशव्या लावण्याची दर वेळी गरज नसते. दोन किंवा तीनवर सुरुवात करून, लघवी घटेल तसं वाढवत नेता येतं. चारऐवजी तीन झाल्या तर वर्षाला ३६५ संच कमी लागतात. टेम्पोतला माल पाऊण होतो, घरातली पाच खोकी कमी होतात. आणि दिवसाचं वेळापत्रक पार बदलतं. सकाळी कामावर निघण्याआधी एक, घरी आल्यावर एक, झोपताना एक, असं केलं की ऑफिसात पिशवी लावण्याची वेळच येत नाही. नोकरी टिकवण्यासाठी याची केवढी मदत होते, ते नोकरी करणाऱ्या रुग्णालाच विचारावं.

याला अट एकच, आणि ती कडक आहे: मोजमाप सोडायचं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी २४ तासांची लघवी जमा करून मोजायची आणि तपासायची, रोज वजन, रक्तदाब आणि बाहेर आलेल्या पाण्याची वहीत नोंद ठेवायची. ड्रेन बॅग साध्या स्प्रिंगच्या काट्यावर टांगून वजन घेता येतं. रिकाम्या संचाचं वजन एकदा लिहून ठेवलं की दर वेळी वजा करायचं. लघवी कमी झाली आणि पिशव्या वाढवल्या नाहीत तर पायांना सूज येते, धाप लागते, भूक जाते. त्यामुळे रुग्णाने आपल्या मनाने एकही पिशवी गाळू नये. डॉक्टरांना मात्र आमची कळकळीची विनंती आहे की ‘चार पिशव्या रोज’ ही चिठ्ठी वर्षभर डोळे मिटून पुढे चालू ठेवू नये. उरलेली लघवी टिकवणं हेही बचतीचंच काम आहे. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या तिच्या मुळावर येतात.

चिठ्ठीत आणखीही वाव आहे. उंच, वजनदार रुग्णाच्या पोटात अडीच लिटर आरामात मावत असेल आणि त्या मापाची पिशवी मिळत असेल, तर दोन लिटरच्या चारऐवजी अडीचच्या तीन होऊ शकतात. द्रावण आठऐवजी साडेसात लिटर, पण नळ्या-पिशव्यांचा एक संच रोज वाचतो. द्रावणाच्या तीव्रतेचंही तसंच. पिवळ्या खुणेची दीड टक्का, हिरवी अडीच, लाल सव्वाचार. लाल पिशवीच्या दोन लिटरमध्ये ८५ ग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजे साखर, असतं, पिवळीत ३०. लोणचं, पापड, सुके बोंबील, फरसाण यातलं मीठ आवरलं नाही की तहान वाढते, अंगात पाणी साठतं, मग ते काढायला जास्त पाणी ओढणारी लाल पिशवी लागते, आणि त्या साखरेने मधुमेह बिघडतो, पोटाचं आवरणही हळूहळू निकामी होतं. रात्रभर पोटात राहणाऱ्या फेरीसाठी डेक्स्ट्रोजऐवजी आयकोडेक्स्ट्रिन नावाचा घटक असलेलं द्रावण काहींना चांगलं लागू पडतं. फक्त ते वापरणाऱ्यांनी आपली ग्लुकोमीटरची पट्टी चालते ना, हे डॉक्टरांना विचारलंच पाहिजे, कारण काही जातीच्या पट्ट्यांवर साखर खोटी जास्त दिसते आणि इन्सुलिनचा डोस चुकतो.

बऱ्याच चांगल्या पिशव्या केवळ गैरसमजाने फेकल्या जातात. बाहेरच्या वेष्टनाच्या आत दिसणारे पाण्याचे बारीक थेंब निर्जंतुक करताना जमलेले असतात, त्याला गळती समजू नये. वेष्टन काढून, आतली पिशवी कोरडी करून दाबल्यावरही थेंब येत राहिले तरच ती गळकी. पोटातलं पाणी यायचं थांबलं की ‘पिशवी खराब आहे’ म्हणून दुसरी लावली जाते, ती बहुतेक वेळा उगीचच. आधी क्लॅम्प उघडे आहेत का पाहावं, नळी कपड्यांत दुमडली नाही ना पाहावं, उठून उभं राहावं, कूस बदलावी. दोन दिवस पोट साफ झालेलं नसेल तर पाणी अडण्याचं ते सगळ्यात नेहमीचं कारण; आतडी फुगून कॅथेटर सरकवतात. नळीत पांढरे तंतू दिसले तर तो फायब्रिन (प्रथिनाचे धागे), त्याला हेपॅरिन (गुठळी न होऊ देणारं औषध) लागतं आणि ते सेंटरला विचारूनच घालायचं. रंग न पाहता हिरवीऐवजी लाल फोडली, हेही वरचेवर होतं. रंगानुसार खोकी वेगळ्या ढिगांत ठेवली की हा प्रकार थांबतो.

सोयीचं बोलायचं तर मुंबईतल्या उकाड्यात पंख्यावरून घरोघरी वाद होतात. पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क हे जोडताना आणि सोडवताना हवं, म्हणजे दोन्ही वेळा मिळून जेमतेम पाच मिनिटं. एकदा जोडणी पक्की झाली की पाणी बाहेर येण्याची वीस-तीस मिनिटं आणि आत जाण्याची दहा मिनिटं पंखा खुशाल लावावा. मे महिन्यात घामाघूम होऊन अर्धा-पाऊण तास बसावं लागतं या धास्तीनेच काही जण दुपारची फेरी गाळतात. वेगळी खोलीही लागत नाही. पुसता येईल असं टेबल, भिंतीत डोक्याच्या उंचीवर एक मजबूत हूक, चांगला उजेड आणि त्या वेळेपुरती कुणाची ये-जा नाही, एवढं पुरतं. पिशवी कोमट करण्यासाठी गरम पाण्याच्या बादलीत बुडवू नये. नळीच्या तोंडाशी ओल राहते आणि पाण्यातले जंतू तिथून शिरतात. मायक्रोवेव्हमध्ये द्रावण एकीकडे कढत आणि एकीकडे गार राहतं. वेष्टनासकट कोरड्या हीटिंग पॅडवर ठेवावी. खोलीत तीस-बत्तीस अंश असताना अनेकांना वेगळं गरम करण्याची गरजही पडत नाही, तेवढी वीज आणि वेळ वाचतो.

पुरवठ्याचा विषय याहून अवघड आहे. महिन्याचा माल एकदम टाकणं पुरवठादाराला सोयीचं, रुग्णाच्या घराला नाही. पंधरा दिवसांनी साठ पिशव्या आणि त्याखेरीज आठवड्याचा राखीव साठा, एवढं मुंबईत पुरेसं आहे. एकाच वॉर्डातल्या रुग्णांचा माल एकाच दिवशी दिला तर टेम्पोच्या फेऱ्याही फारशा वाढत नाहीत. पावसाळ्यात राखीव साठा हवाच. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको. तळमजल्यावर खोकी जमिनीवर ठेवू नयेत, फळीवर ठेवावीत आणि भिंतीपासून चार बोटं लांब. ओल लागली की पुठ्ठा बसतो, बुरशी येते, वरच्या थराच्या भाराने खालच्या पिशव्या दबतात. पुराच्या पाण्यात भिजलेली पिशवी वापरायची नाही, ती बाहेरून कितीही धडधाकट दिसो. पत्र्याच्या छपराखालच्या पोटमाळ्यावरही साठा नको, कारण उष्णतेने द्रावणातल्या साखरेचं विघटन वाढतं.

महिन्याच्या मालामुळे होणारी सगळ्यात वाईट नासाडी वेगळीच. मध्येच डॉक्टर पिवळीऐवजी हिरवी लिहून देतात, रुग्णाला किडनी मिळते, किंवा रुग्ण दगावतो, आणि घरात न फोडलेली दहा-बारा खोकी तशीच राहतात. मुदत संपेपर्यंत ती कोपऱ्यात पडून असतात. पुरवठादार परत घेत नाहीत. घरात माल कोणत्या तापमानात राहिला याची खात्री नसताना तो पुन्हा विकता येत नाही, हे त्यांचं म्हणणं आम्हाला पटतं. मग निदान माल कमी टाकावा आणि डॉक्टरांची नवी चिठ्ठी झाली की ठरलेली डिलिव्हरी त्याच दिवशी थांबवता यावी. ही खोकी घरचे लोक व्हॉट्सॲपवरून दुसऱ्या रुग्णाला देऊ पाहतात, त्यामागचा हेतू चांगलाच असतो. पण एका कंपनीच्या पिशवीचं तोंड दुसऱ्या कंपनीच्या ट्रान्सफर सेटला बसत नाही, तीव्रता वेगळी असते, साठवण कशी होती ते माहीत नसतं. ही देवघेव रुग्णालयाच्या डायलिसिस विभागामार्फत, खोकं आणि मुदत तपासून व्हावी. आणि सगळ्या कंपन्यांची जोडणी एकसारखी असावी, असं बंधन औषध नियंत्रकांनी कधीतरी घालावंच. आज रुग्ण पहिल्या दिवशी ज्या कंपनीचा सेट लावतो तिच्याच दावणीला कायमचा बांधला जातो.

गणपतीला कोकणात जायचं तर दहा दिवसांच्या चाळीस पिशव्या, म्हणजे ऐंशी-नव्वद किलोंचं ओझं, एसटीत कसं न्यायचं? चिपळूणला किंवा सावंतवाडीला माल आधी पोहोचवण्याची सोय झाली तर लोक फेऱ्या गाळणार नाहीत.

रात्री झोपेत डायलिसिस करणाऱ्या सायकलर यंत्रावर असलेल्यांसाठी थोडंसंच सांगतो. बाहेर येणारं पाणी मोठ्या ड्रेन बॅगांत साठवण्याऐवजी लांब ड्रेन नळी संडासापर्यंत नेता येते, त्याने दर रात्रीच्या एक-दोन बॅगा वाचतात. नळीचं टोक पाण्यात बुडता कामा नये, पाण्याच्या वर राहील असं पक्कं बांधावं. आणि दोन-दोन लिटरच्या पिशव्या जोडण्यापेक्षा पाच लिटरच्या लावाव्यात.

आता कचरा. एका फेरीनंतर घरात राहतं ते असं: बाहेरचं वेष्टन, रिकामी द्रावणाची पिशवी, दोन लिटरहून जास्त पाण्याने भरलेली ड्रेन बॅग, नळी, ओढायची कडी, जुनं टोपण, मास्क. यातलं वेष्टन आणि पुठ्ठ्याचं खोकं पूर्ण स्वच्छ असतं. ते सुक्या कचऱ्यात किंवा रद्दीवाल्याकडे जावं. बाकीच्याशी ते मिसळलं की तेही बाद होतं, म्हणून वेष्टन पिशवी लावायच्या आधीच, हात धुण्यापूर्वी काढून बाजूला टाकायची सवय लावावी.

ड्रेन बॅग भरलेली असताना कचऱ्यात टाकणं हा सगळ्यात मोठा गुन्हा, आणि तो अजूनही होतो. सोसायटीच्या डब्यातून ती कचऱ्याच्या गाडीत जाते, कॉम्पॅक्टरमध्ये फुटते आणि सफाई कामगाराच्या अंगावर उडते. रुग्णाला हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर या पाण्यात विषाणू असू शकतो. रिकामी करण्याची नीट रीत अशी. हातमोजे घालून बॅग संडासाच्या भांड्याजवळ अगदी खाली धरायची, याच कामासाठी ठेवलेल्या कात्रीने नळी कापायची, बॅग न कापता नळीतूनच पाणी सोडायचं. वरून ओतलं तर शिंतोडे उडतात, नळीतून काही मिनिटांत शांतपणे जातं. मोरीत किंवा सिंकमध्ये ओतू नये. सार्वजनिक संडास असेल तर झाकणाची बादली लागते. हिपॅटायटिसच्या रुग्णाने पाणी ओतल्यावर भांड्यात ब्लीच टाकून अर्धा तास ठेवून मग फ्लश करावं, आणि संडास धुण्याचं ॲसिड त्याच वेळी कधीही टाकू नये, विषारी क्लोरीन वायू होतो. द्रावणाच्या पिशवीत राहिलेला घोटभर भागही सोडून द्यायचा. त्यात साखर असते, बाहेर आलेल्या पाण्यात साखर आणि प्रथिनं दोन्ही असतात. तसंच ठेवलं तर रात्रीतून मुंग्या लागतात, झुरळं येतात, दुसऱ्या दिवशी वास येतो, आणि मग घरचे वैतागून सगळं एकत्र बांधून खाली टाकून देतात. दोन्ही पिशव्या वरून खाली घट्ट गुंडाळत नेल्या, शेवटचे थेंब नळीतून काढले आणि नळीनेच गुंडाळी बांधली, की चार फेऱ्यांचा पसारा बुटाच्या खोक्याएवढा होतो. टोपण, मास्क, कॅथेटरच्या तोंडाशी वापरलेला गॉझ वेगळ्या पिशवीत. इन्सुलिनच्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात.

घरचे लोक हे सगळं नेमाने करतात, पण पुढे काय? हीच पिशवी परळच्या रुग्णालयात वापरली असती तर २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे कचऱ्याच्या लाल पिशवीत गेली असती, ऑटोक्लेव्ह होऊन (म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक होऊन), तुकडे करून तिचं प्लास्टिक पुन्हा कामी आलं असतं. घरात वापरली म्हणून ती कांजूरमार्गला कचऱ्याच्या ढिगात जाते. यातल्या बऱ्याच पिशव्या पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी उघड्यावर जाळलं तर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू आणि डायॉक्सिन निघतात, त्यामुळे सोसायटीच्या आवारात पेटवणं तर सपशेल चूक. स्वच्छ, एकाच जातीचं पीव्हीसी मात्र भंगाराच्या बाजाराला हवं असतं, त्याचे पाइप आणि चपलांचे तळवे होतात. ऑस्ट्रेलियात रुग्णालयांतल्या सलाइनच्या पीव्हीसी पिशव्या वेगळ्या गोळा करून त्यापासून बागेचे पाइप आणि चटया बनवण्याचा कार्यक्रम बरीच वर्षं चालू आहे.

मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये घरगुती सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी वेगळी संकलन सेवा सुरू केली, क्यूआर कोडवरून नोंदणी करून. गाडी आहे, माणसं आहेत. त्या सेवेच्या यादीत ‘रिकाम्या केलेल्या डायलिसिस पिशव्या आणि नळ्या’ असं स्पष्ट लिहावं, त्या जाळण्याकडे न पाठवता ऑटोक्लेव्हकडे पाठवाव्यात, आणि सोसायटीची नोंदणी नसली तरी एकट्या रुग्णाला घरपत्त्यावर नोंदणी करता यावी. चाळीतला किंवा वस्तीतला रुग्ण सोसायटीच्या भरवशावर कसा राहणार? वापरलेल्या पिशव्या औषधाच्या टेम्पोतून परत न्याव्यात असं आम्ही म्हणत नाही, औषध आणि जैववैद्यकीय कचरा एका गाडीत असू नये. पण खोकी आणि वेष्टनं त्या टेम्पोने सहज परत नेता येतात. प्लास्टिक वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम २०१६ पासून आहेत आणि २०२२ मध्ये ते आणखी नेमके झाले. रुग्णाने घडी घालून ठेवलेलं परत न्यायला पुरवठादाराला वेगळी फेरी मारावी लागत नाही.

राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाला तो सेंटरमधल्या डायलिसिससाठी. घरच्या पेरिटोनियल डायलिसिसच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या. हाँगकाँगने १९८५ पासून आणि थायलंडने २००८ पासून सरकारी खर्चात हाच उपचार आधी देण्याचं धोरण राबवलं. महाराष्ट्रात तो वाढवायचा असेल, आणि वाढवायलाच हवा, तर सरकारी खरेदीच्या निविदेतच पंधरवड्याचा पुरवठा, चिठ्ठी बदलल्यावर डिलिव्हरी थांबवण्याची सोय, गावी माल पोहोचवणं आणि खोकी-वेष्टनं परत नेणं या अटी घालाव्यात. करार होऊन गेल्यावर या गोष्टी कोणी मानत नाही.

पिशव्या रिकाम्या करून टाकण्याबद्दल वर जे लिहिलं, त्याला एक अपवाद रुग्णांनी आणि घरच्यांनी लक्षात ठेवावा. बाहेर आलेलं पाणी गढूळ असेल, बॅगेखाली वर्तमानपत्र धरल्यावर अक्षरं वाचता येत नसतील, किंवा पोट दुखून ताप असेल, तर ती बॅग ओतायची नाही. क्लॅम्प लावून, बाहेरून दुसऱ्या स्वच्छ पिशवीत घालून, वेळ आणि तारीख लिहून ती सोबत घेऊन त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जायचं. पहिल्या गढूळ बॅगेतल्या पाण्याची पेशीतपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) झालं तरच कोणता जंतू आहे आणि कोणतं अँटिबायोटिक चालेल ते कळतं.

आपले,
घरगुती पेरिटोनियल डायलिसिसचं प्रशिक्षण देणारे काही परिचारिका व तंत्रज्ञ, मुंबई